रुई फुंकायची खूण

जुन्या जिनिंगच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की माझं नाक अजूनही चुकतं. ते सरकीचा वास शोधायला लागतं. तेलकट, किंचित गोडसर, तागाच्या पोत्यात मुरलेला वास. त्याच्याऐवजी समोरून हळद येते. शिजलेली, उन्हात वाळलेली, आता घासून पिवळीधमक होत असलेली हळद. हिंगोलीच्या माणसाला हळदीच्या वासाचं काय कौतुक असणार! उन्हाळ्यात मोंढ्याकडून वारा आला की अख्खं गाव लग्नघर वाटतं. पण या फाटकाच्या आत तो वास मला अजून पाहुण्यासारखा वाटतो. चांगला पाहुणा, येताना लेकरांसाठी पिशवी भरून खाऊ आणणारा.

मी फाटकाशी थांबतो. थोडा वेळ डोळे मिटतो. मग सरकी येते.

लिहायला बसलो तेव्हाच ठरवलं होतं की आनंदाचं लिहायचं. पण माझा स्वभाव असा आहे की आनंद झाला की त्याच्या पाठोपाठ मला अपराधी वाटायला लागतं. शाळेत एखाद्या पोराला रागावलो तर रात्रभर तळमळतो, आणि नाही रागावलो तरी आपण कामचुकार झालो असं वाटतं. बायको म्हणते, "तुमाला हसू आलं ना, की तुमी आधी कुनाची तरी परवानगी मागता." तिचं खरं आहे. तेव्हा मधूनमधून माझी ही कुरकुर ऐकू आली तर वाचणाऱ्यांनी ती सोडून द्यावी. गोष्ट आनंदाचीच आहे. माझ्या आईची आहे, आणि या जागेची.

आईला आम्ही माय म्हणतो. माय या जिनिंगमध्ये रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. एका बाजूनं बाईनं मूठमूठ कापूस घालत राहायचा, दुसरीकडून रुई पडत राहायची, आणि खाली सरकी. लांबच लांब पत्र्याच्या हॉलमध्ये अशा रेच्यांच्या दोन रांगा समोरासमोर होत्या. प्रत्येक रेच्याशी एक बाई. मायच्या बरोबर समोर, मधली वाट सोडून, जुबेदाखाला असायची.

दिवाळी झाली की स्टेशनच्या रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्या लागायच्या. सेनगाव, पुसेगाव, नरसी, कुठून कुठून आलेल्या. बैल सोडून गाडीवान गाडीखालीच पथारी टाकायचे. सकाळी त्यांच्या चुलींचा धूर, बैलांच्या शेणाचा वास, मीटरगेजच्या गाडीची शिट्टी आणि त्या सगळ्यांवरून जाणारा जिनिंगचा भोंगा. त्या भोंग्यावर गाव उठायचं. आमच्या गल्लीत घड्याळ एकाच घरी होतं आणि तेही भोंग्यावर लावलेलं असायचं.

शाळेला जाण्याआधी मायची भाकरी पोचवायचं काम माझ्याकडे होतं. फडक्यात बांधलेली भाकरी, वर ठेचा, कधी वांग्याची भाजी. फाटकातून आत गेलं की आधी कापसाचे डोंगर. खरोखरीचे डोंगर, पांढरे, उन्हात डोळे दिपवणारे. मुकादमाची पाठ वळली की आम्ही पोरं त्यांवरून उड्या मारायचो. कापसात पडलेल्या पोराचा आवाज होत नाही. आपण पडतो आणि जग एकदम गप्प होतं. कानात, नाकात, तोंडात मऊ मऊ काहीतरी जातं, आणि खाली खोलात कुठेतरी दुपारची ऊब दडलेली असते. तेवढ्यात कुणीतरी पाय धरून ओढायचं. ओढणारा मुकादम असायचा. त्याच्या मिशा झुपकेदार होत्या आणि त्यांत कायम रुई अडकलेली असायची, त्यामुळे तो कितीही ओरडला तरी आम्हाला भीती वाटायची नाही. तो मांजरासारखा दिसायचा.

आणि मग हॉल. दारातच आवाज अंगावर यायचा. तो कानांनी ऐकायचा आवाज नव्हता. तो तळपायातून वर चढायचा, गुडघ्यांत शिरायचा, दातांत वाजायचा. हवेत रुई तरंगत असायची. पत्र्याच्या फटीतून उन्हाचे तिरपे पट्टे उतरायचे आणि त्यांत ती रुई संथ वरखाली होत राहायची. त्या पांढऱ्या धुक्यात माय कुठे आहे ते शोधावं लागे. बायांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुई बसलेली. सगळ्या एकजात म्हाताऱ्या. संध्याकाळचा भोंगा झाला की त्या बाहेर यायच्या, पदर सोडून फटाफट झटकायच्या, आणि बघता बघता तरुण व्हायच्या. मला ती जादू फार आवडायची. आता मायचे केस खरेच पांढरे झालेत आणि पदर झटकून काही होत नाही, हे माहीत असूनही तिनं पदर सावरला की मी अजून पाहतो.

त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही. म्हणून बाया हातांनी बोलायच्या. कुणी शिकवलं, कधी सुरू झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मिशी पिळल्यासारखी बोटं फिरवली की मुकादम येतोय. तळव्यावर तळवा थापला की भाकरी. अंगठा ओठाला लावला की पाणी. हवेत दोरी ओढल्यासारखी मूठ खाली आणली की भोंगा, म्हणजे सुट्टी, म्हणजे उशीर, म्हणजे वेळ झाली, जसं समजून घ्याल तसं. प्रत्येक माणसालाही खूण असायची. मायची खूण हनुवटीवर टेकवलेलं बोट, कारण तिच्या हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके आहेत. जुबेदाखालाची खूण कानाची पाळी धरून हलवणं, कारण तिच्या बाळ्या एवढ्या मोठ्या होत्या की मान वळवली की त्या मागाहून वळायच्या.

माझी खूण सांगायला मला लाज वाटते. उलट्या मनगटानं नाक पुसणं. मी भाकरी घेऊन दारात उभा राहिलो की पहिल्या रेच्यावरची बाई नाक पुसायची, तिचं बघून दुसरी, मग तिसरी, आणि अख्ख्या रांगेतून नाक पुसण्याची लाट मायपर्यंत जायची. माय वर बघायची आणि हसायची. कामावर असताना तिचं हसू मला तेवढंच दिसायचं. त्या हसण्यासाठीच मी नाक वाहतं ठेवायचो, असं आता वाटतं.

या सगळ्या खुणांमध्ये मला सर्वांत आवडणारी एक होती. मुकादमानं कुणाला उगाच झापलं, दोघींची कुरबुर झाली, कुणाच्या घरून वाईट सांगावा आला, की समोरची बाई हवेतली, नाहीतर स्वतःच्या खांद्यावरची, रुई चिमटीत धरायची, ओठांसमोर आणायची आणि फुंकर मारायची. रुई उडून जायची. जाऊ दे. मनावर घेऊ नको. झालं गेलं. एवढं सगळं त्या एका फुंकरीत असायचं. मी मायला आणि खालाला भांडतानाही पाहिलंय. मोठमोठे हातवारे, लाल झालेले चेहरे, आणि आवाज मात्र शून्य. मग दोघींपैकी एक चिमूट उचलायची. दुसरी थोडा वेळ कापूस घालत राहायची, जणू पाहिलंच नाही. शेवटी तीही फुंकायची.

आणि त्या गायच्या. हे मला फार उशिरा कळलं. रेच्यांच्या गोंगाटात प्रत्येक बाईचे ओठ हलत असायचे. जिची तिची ओवी, जिचं तिचं गाणं. कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून कुणी लाजायचं नाही. मी एकदा मायला विचारलं होतं, "तू काय म्हनत असती गं तिथं?"

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली. "ते माझं अन् रेच्याचं हाये."

दसऱ्याला रेच्यांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. त्या दिवशी रेचे बंद, आणि बंद हॉलमध्ये बायांचे खरे आवाज ऐकून मी बावचळून जायचो. जुबेदाखालाचा आवाज एवढा बारीक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. ईदला ती डब्यातून शीरखुर्मा आणायची आणि रेच्याच्या पाठीमागे लपवून ठेवायची. मुकादमाला वास लागायचाच. "क्या छुपारी गे जुबेदा?" म्हणत तो यायचा, आणि पहिली वाटी त्यालाच मिळायची. त्याच्या मिशीत मग रुईबरोबर शेवया अडकायच्या.

मग एका वर्षी दसरा झाला, दिवाळी झाली, आणि भोंगा वाजला नाही.

त्यानंतरची वर्षं या जागेनं वेड्या बाभळीला दिली. फाटकाला कुलूप, कुलपाला गंज. कापसाच्या डोंगरांच्या जागी काटेरी झुडपं, भिंतीवर उगवलेला पिंपळ, हॉलच्या पत्र्यांतून वरखाली करणारी कबुतरं. धनगरांच्या शेळ्या पडक्या कुंपणातून आत शिरायच्या आणि बाभळीच्या शेंगा खाऊन तृप्त होऊन निघायच्या. तेवढाच काय तो त्या जागेचा उपयोग. मी शाळेतून येता-जाता बाहेरून बघायचो. मीटरगेज जाऊन मोठा रूळ आला, स्टेशन बदललं, रस्ता रुंद झाला. जिनिंग तशीच.

आणि मायचे कान गेले. एकदम नाही. आधी दारावरची थाप, मग कुकरची शिट्टी, मग नातवंडं. इतकी वर्षं रेच्यापाशी उभं राहिल्यावर कान टिकतीलच कसे? आम्ही कानाचं यंत्र आणलं. तिनं दोन दिवस लावलं आणि डबीत घालून ठेवलं. "त्याच्यात समदं ऐकू येतंय," ती म्हणाली. "पंखा येतोय, भांडी येतायत, कुत्री येतायत. मानूस तेवढा येत न्हाई."

मी मास्तर. फळ्यापुढे बोलून बोलून माझा आवाज तसाही मोठा. तो मी आणखी मोठा केला. "माय, जेवलीस का?" हे साधं वाक्य मी असं म्हणायचो की शेजारच्या घरात कुणीतरी म्हणायचं, जेवलो, जेवलो. आवाज चढवला की त्यात राग नसला तरी राग दिसतोच. दुसऱ्यांदा ओरडताना कपाळाला आठी पडतेच. तिसऱ्यांदा मी "काही न्हाई, राहू दे" म्हणून मोकळा व्हायचो. ते मात्र तिला ओठांवरून बरोबर कळायचं.

हळूहळू तिनं विचारणंच सोडलं. लग्नाला यायची नाही, बारशाला यायची नाही. ओसरीवरच्या बाजेवर रस्त्याकडे तोंड करून बसून राहायची. एकदा सुनेनं फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, "कशाला नेता मला? लोकं माझ्याशी बोलत न्हाईत बाई. माझ्यावर वरडतात."

ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. मला तिची माफी मागायची होती. पण बहिऱ्या माणसाची माफी मागून पाहा. ओरडून माफी मागता येत नाही.

जिनिंगचं पुढे कसं कसं ठरलं ते सांगत बसत नाही. सभा झाल्या, वाद झाले, प्लॉट पाडायची भाषा झाली, आणि अखेर जागा गावाच्या कामाला मिळाली. मला आठवतो तो बाभळी तोडल्याचा आठवडा. बचत गटाच्या बाया, तालमीतली पोरं, धनगरवाड्यातले लोक, बागवान गल्लीतले लोक, सगळे कुऱ्हाडी-कोयते घेऊन. काटे काढता काढता हॉल हळूहळू उघडा पडत गेला, न्हाऊन आलेल्या म्हाताऱ्यासारखा. रुईच्या गाठी बांधायच्या घरात आता मुलामुलींची अभ्यासिका आहे. तिथल्या जाड भिंतींमुळे उन्हाळ्यातही गारवा असतो आणि परीक्षांची तयारी करणारी पोरं कधी कधी पुस्तकावर डोकं ठेवून छान झोपतात. कापसाच्या डोंगरांच्या जागी मैदान आहे. विहिरीतला गाळ उपसला, झरे जिवंत निघाले. कोपऱ्यात एक रेचा रंगवून ठेवलाय. आणि लांब हॉलमध्ये बायांचा हळदीचा कारखाना. शेतातून आलेली हळद मागच्या अंगणात वाफेवर शिजते, मैदानाकडेला वाळते आणि हॉलमधल्या मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घासली जाते.

हे सगळं जिनं ओढून नेलं ती सुरेखा, गटाची अध्यक्ष. तिचा एक हात कायम मोबाइल धरून कानाला लागलेला असतो. ती उद्घाटनाचं आवतण घेऊन घरी आली तेव्हा फोन चालू ठेवूनच मायच्या पाया पडली.

"मावशी, जुन्या समद्या बायांना बोलावलंय. तुमी पुढं बसायचं!"

मायनं माझ्याकडं बघितलं. "काय म्हनून राहिली?"

मी ओरडून सांगितलं. दोनदा.

"मी काहून येऊ? तितं मला काय ऐकू येनार हाये?"

"ऐकायचं काय हाये मावशी, भाषणंच हायेत!" सुरेखा म्हणाली. मी तेही ओरडून सांगितलं. माय हसली नाही.

तरी ती आली. मी हट्ट केला म्हणून आली. दवाखान्यात नेताना करते तसा चेहरा करून आली. पाडवा होऊन गेला होता, ऊन चढलं होतं. हॉलमध्ये पताका, खुर्च्या, समोर मंडप. मायला पहिल्या रांगेत बसवलं. जुन्या बायांपैकी तीन-चारच उरलेल्या, आणि त्याही आपापल्या लेकीसुनांच्या घोळक्यात. जुबेदाखाला मुलीकडे वसमतला राहायला गेली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तिला निरोप दिला होता, पण ती दिसली नाही.

भाषणं सुरू झाली. पाहुणे बोलत होते, लोक टाळ्या वाजवत होते. माय इतरांचं बघून उशिरा टाळी वाजवायची आणि तोवर सगळ्यांची थांबलेली असायची. मागच्या दोन पोरी फिसकन हसल्या. मायनं मान वळवली होती; तिला हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. तिनं हात पदराखाली घेतले. थोड्या वेळानं माझी बाही ओढली.

"चल घरी."

"थोडं थांब ना, माय."

"चल म्हन्ते ना. काय करू इतं बसून?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. आपण हिला ओढून आणलं, चारचौघांत आणखी एकटं पाडलं, असं मला वाटलं. मी उठलो, तिच्या काखेत हात घालून तिलाही उठवलं आणि मागच्या दाराकडे वळवलं. आता ही पुन्हा कधी उंबरा ओलांडणार नाही, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात पाहुण्यांनी बटण दाबलं आणि ड्रम फिरायला लागला.

ज्यांनी हळदीचा ड्रम ऐकला नाही त्यांना कसं सांगू? लोखंडाच्या पोटात सुकलेल्या हळकुंडांची पोतीच्या पोती गडगडतात. वर पत्रा, तो प्रत्येक आवाज दुप्पट करून परत खाली फेकतो. लोकांनी कान झाकले. पाहुणे माइकवर काहीतरी बोलत राहिले, त्यांचा नुसता जबडा हलताना दिसत होता. ड्रम बसवणारा रफिक "बंद करू का?" असं ओरडून विचारत होता आणि सुरेखा त्याला "हां, हां, चांगलं चाललंय!" असं ओरडून सांगत होती, हे नंतर दोघांनी भांडून भांडून आम्हाला सांगितलं. हॉलमधली सगळी माणसं एका क्षणात बहिरी झाली.

मायचा दंड माझ्या हातात होता. तो ताठ झाला. ती खाली बघत होती, आपल्या पायांकडे. तिनं एक चप्पल काढली. मग दुसरी. अनवाणी पावलं फरशीवर नीट टेकवली आणि उभी राहिली. ती थरथर माझ्याही तळपायातून चढत होती, गुडघ्यांत, दातांत. मायनं मान वर केली. तिचे खांदे सरळ झालेले मी किती वर्षांनी पाहिले!

आणि मागच्या दारात जुबेदाखाला उभी होती. वाकलेली, एका हातात काठी, एका हातात पिशवी, एसटीत चुरगळलेली ओढणी. बाळ्या त्याच. ती गर्दीवरून इकडेतिकडे बघत होती. मग तिची नजर मायवर आली. तिनं पिशवी खाली ठेवली, काठी काखेत मारली, मूठ वर नेली आणि दोरी ओढल्यासारखी खाली आणली.

भोंगा झाला काय गे? मला उशीर झाला?

मायचा हात आपोआप वर गेला. तिनं मिशी पिळली.

चल लवकर, मुकादम येतोय!

खाला काठीवर ओणवी होऊन हसायला लागली. तिचं हसू कुणालाच ऐकू येत नव्हतं, आणि त्या दोघींना त्याची गरजही नव्हती. दोन्ही टोकांकडून हात बोलत सुटले. मधली गर्दी मान इकडे, मान तिकडे करत बघत राहिली. मला पुष्कळसं कळत नव्हतं, पण थोडं थोडं कळत होतं, आणि प्रत्येक खूण कळली की पोटात गुदगुल्या व्हायच्या. मायनं पाहुण्यांकडे डोळ्यांनी दाखवलं आणि बोटांची चोच करून ती उघडमीट उघडमीट केली. खालानं कपाळाला हात लावला. मग खालानं माझ्याकडे बघितलं, जरा निरखलं, आणि विचारल्यासारखा चेहरा करून उलट्या मनगटानं नाक पुसलं.

मायनं जोरात मान हलवली. व्हय, त्योच.

पन्नाशीचा मास्तर, इस्त्रीचा शर्ट, आणि भर सभेत मला हसताना खरोखरच नाक पुसावं लागलं. दोघी एकमेकींना टाळी दिल्यासारखे हात हवेत आपटत होत्या.

अखेर रफिकनं ड्रम थांबवला. एकदम शांतता. खाला काठी टेकत टेकत पुढे आली, मायच्या गळ्यात पडली आणि तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "गंगे, तू बुड्ढी होगई गे!"

मायला ते ऐकू आलं नाही. तिनं खालाच्या केसांवरून हात फिरवला, रुई झटकावी तसा, आणि म्हणाली, "जुबेदा, तू म्हातारी झालीस गं!"

त्या दिवशी मागे हसलेल्या त्याच दोन पोरी पुढे आल्या. त्या दोघी ड्रमवर कामाला लागणार होत्या. एकीनं मला विचारलं, "सर, आजीला विचारा ना, आमाला शिकवतील का ते? या आवाजात दिवसभर कसं बोलायचं आमी?"

मी ओरडायला तोंड उघडलं. मायनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं त्या पोरीची हनुवटी धरली, चेहरा आपल्याकडे वळवला, तिचाच तळवा तिच्याच तळव्यावर थापला.

"ही भाकर," ती म्हणाली. "आदुगर भाकर शिक."

आता माय रोज सकाळी जिनिंगवर जाते. मी शाळेत जाताना तिला गाडीवर मागे बसवून सोडतो. मनात येईल तेव्हा ती हळकुंडं निवडते, नाहीतर नुसती बसते. पोरींना खुणा शिकवते, त्या बोलतात ते बघते, चुकलं तर हातावर चापट मारते. नव्या खुणाही झाल्यात. हात कानाला लावला की सुरेखा. रफिकची खूण कंबरेवरची पँट वर ओढणं; त्यानं बेल्ट घेतला तरी ती बदललेली नाही. जुबेदाखालानं वसमत सोडलं नाही, पण महिन्यातून एकदा येते, आणि ती आली की त्या दिवशी काम अर्धंच होतं आणि कुणाची तक्रार नसते. ड्रम चालू असला की बायांचे ओठ हलताना दिसतात. काय म्हणतात, मी विचारत नाही.

या सगळ्या आनंदात माझी कुरकुर चालूच होती. वर्षानुवर्षं मी जिच्यावर ओरडत राहिलो तिला आवाजाशिवाय बोलता येत होतं. मलाही येत होतं, थोडं. ते माझ्या हातांतच होतं आणि मी घसा ताणत राहिलो. घरी आता आम्ही खुणा करतो. चहा, भाकरी, पाणी, पोरं आली, वीज गेली. पण ती एक गोष्ट मात्र मी बोललो नव्हतो.

परवा शाळा सुटल्यावर तिला आणायला गेलो. उन्हं कलली होती. ड्रम गडगडत होता. पत्र्याच्या फटीतून तेच तिरपे पट्टे उतरले होते आणि त्यांत पिवळी धूळ तरंगत होती. माय समोरच्या भिंतीशी बसलेली, हनुवटीचे हिरवे ठिपके हळदीनं झाकलेले, भुवया पिवळ्या, केस पिवळे. पहिल्या ओळीतल्या पोरीनं मला बघून नाक पुसलं. मग दुसरीनं. लाट मायपर्यंत गेली. मायनं वर बघितलं आणि हसली.

मी दारातच थांबलो. मधे सगळा हॉल. सांगू का नको, असं झालं. मग मी छातीवर हात ठेवला. पण पुढे काय? माफीची खूणच मला माहीत नव्हती. मी तोंडाकडे बोट नेलं, ओरडल्यासारखं तोंड उघडलं, कानाकडे दाखवलं, पुन्हा छातीवर हात ठेवला, हात जोडले, सोडले. माझे हात वेड्यासारखे हवेत फिरत होते. पोरी बघत होत्या. मला वाटलं, काही पोचलं नाही.

मायनं हातातलं हळकुंड खाली ठेवलं. मग तिनं शेजारच्या उन्हाच्या पट्ट्यात हात घातला. हवेतली काहीच नसलेली चिमूट उचलली, ओठांसमोर आणली आणि फुंकर मारली.

तिच्यासमोरची पिवळी धूळ भोवऱ्यासारखी फिरली, उन्हातून सरकली आणि निवांत खाली बसायला लागली.

मी थोडा वेळ दुसरीकडे बघत राहिलो, जणू पाहिलंच नाही. मग मीही चिमूट उचलली.

मायनं मान डोलावली. उलट्या मनगटानं नाक पुसलं, तळव्यावर तळवा थापला, आणि हवेतली दोरी जोरात खाली ओढली. पोरा, भूक लागलीय, भोंगा झाला, चल घरी.